अस्सलबरहुकूम नक्कल

ज्या मनुष्याने रात्रभर देवाचे सोंग अंगावर वागविले, संबळाच्या ठेक्यावर आणि मशालींच्या उजेडात ते गावभर नाचविले, त्यालाच पुढे महिन्याभराने आपले छायाचित्र दूरचित्रवाणीच्या पडद्यावर पाहून ‘‘अरे, माझा मुकुट कुठं गेला?’’ असे विचारण्याची पाळी यावी, हा प्रसंग वरकरणी विनोदी वाटला तरी या प्रकरणाचा सारा विषय त्या एका प्रश्नात सामावलेला आहे. प्रसंग खोडाळ्याचा. कसाऱ्याहून विहीगावमार्गे जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात शिरणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडते. या टापूत जगदंबेच्या उत्सवात बोहाडा होतो; लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मुखवटे चढवून देव, दैत्य आणि पुराणातील पात्रे एकामागून एक रात्रीच्या काळोखातून अवतरतात. आता प्रत्येक घरात निदान एक तरी कॅमेऱ्याचा मोबाइल असल्यामुळे, उत्सव संपला की त्याची शेकडो छायाचित्रे गावात या हातातून त्या हातात फिरू लागतात. अशीच छायाचित्रे निवडून, त्यांना वाद्यांचा आवाज जोडून, एका उत्साही तरुणाने त्यांची एक मालिका सिद्ध केली होती. आणि पडवीच्या भिंतीवर टांगलेल्या त्रेचाळीस इंची संचावर ती पाहण्यास दहा-पंधरा मंडळींबरोबर मीही बसलो होतो.

मुकुटाची तक्रार पहिली. पण ती एकटी राहिली नाही. एका चित्रात सोंगाच्या मागे उभा असलेला संबळवाला, जो मोबाइलच्या वीतभर पडद्यावर स्पष्ट ओळखू येत होता, तो मोठ्या पडद्यावर काळोखात साफ बुडून गेला होता. मुखवटे न घातलेल्या माणसांचे चेहरे मेणाचे ओतीव पुतळे असावेत असे गुळगुळीत झाले होते. यजमानांनी सगळ्याचा दोष विजेच्या दाबाला दिला, आणि तो दोष मात्र अगदीच अस्थानी होता. कारण हल्लीच्या संचांतील वीजपुरवठ्याची रचना अशी असते की दाब शंभर व्होल्टपासून दोनशे चाळीसपर्यंत कोठेही असला तरी पडद्याला पोचणारी वीज सारखीच राहते. दाब फारच उतरला तर संच बंद पडेल, पण रंग फिके पडणार नाहीत. आपल्या खेड्यापाड्यांतून महावितरणाच्या माथी जे अनेक खरे गुन्हे मारता येतील त्यांत हा एक खोटा गुन्हा घालण्याचे कारण नाही. गुन्हेगार दुसरेच होते, एकाहून अधिक होते, आणि प्रत्येकाने गुन्हा मदतीच्या सद्हेतूने केला होता.

जुन्या कचेऱ्यांच्या दप्तरात मूळ कागदास ‘अस्सल’ म्हणत आणि त्याच्या प्रतीस ‘नक्कल’. नक्कल हाती देण्यापूर्वी ती अस्सलाशी ताडून पाहण्याचा, म्हणजे रुजुवात घेण्याचा शिरस्ता असे. नकलेवरून नक्कल आणि तिच्यावरून पुन्हा नक्कल असा क्रम चालू झाला की अक्षर कितीही वळणदार असले तरी मजकूर हळूहळू घसरत जातो, हे त्या कारकुनांना अनुभवाने ठाऊक होते. पडद्यावरच्या छायाचित्राची कथा याहून निराळी नाही. अंतर एवढेच की येथील नकलनवीस मनुष्य नसून यंत्रे आहेत, ती एका निमिषात नक्कल करतात, आणि कोणी सांगितल्यावाचून रुजुवात कधीच घेत नाहीत.

एक काळ असा होता की चित्रमालिका दाखविण्यासाठी नकलेची गरजच नसे. याच जुन्या ठाणे जिल्ह्यातील कल्याण गावी महादेव गोपाळ पटवर्धन यांनी मदनराव पितळे यांच्या साहाय्याने १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ या भारदस्त नावाने कंदिलाच्या चित्रांचे खेळ सुरू केले. काचेच्या लहान पट्टीवर हाताने रंगविलेले चित्र, त्याच्यामागे दिवा आणि पुढे भिंग, एवढीच त्यातील मूळ करामत; आणि एकामागून एक चित्रे चपळाईने बदलून त्यांत हालचालीचा भास निर्माण करण्याचे कौशल्य पटवर्धनांचे. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे ७ जुलै १८९६ रोजी दाखविली गेली, त्याच्या चार वर्षे आधीची ही गोष्ट. खोडाळ्याच्या पूर्वेस डोंगर ओलांडला की लागणाऱ्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी पुढे याच वाटेने फार लांबचा पल्ला गाठला. आणि गंमत अशी की ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून जे छोटे चित्र केले तेही स्थिर छायाचित्रांची मालिकाच होते. पण मला येथे मुद्दा मांडावयाचा आहे तो कंदिलाचा. पटवर्धनांच्या पडद्यावर जो प्रकाश पडत असे तो साक्षात त्या रंगविलेल्या काचेतून आलेला असे. अस्सलच समोर उभे राही. भिंग वाईट असेल तर ते धूसर दिसे, दिवा मंद असेल तर मलूल दिसे, पण त्याच्या जागी कोणी दुसरे ठेवीत नसे. पुढे पस्तीस मिलिमीटरच्या पारदर्शिका आल्या, कोडॅकचे १९६१ सालचे ‘कॅरोसेल’ यंत्र आले, आणि सुखवस्तू घरांतून काश्मीरच्या सहलीच्या स्लाइडी पाहुण्यांच्या सहनशक्तीचा अंत पाहू लागल्या. तेथेही कॅमेऱ्यात जी फीत उजेडाला लागली, तीच धुऊन, चौकटीत बसवून, दिव्यापुढे धरली जात होती. कोडॅकने ती यंत्रे करणे २००४ साली थांबविले, आणि अस्सल पडद्यावर धरण्याचा तो काळ जवळजवळ संपला.

दूरचित्रवाणीत असे कधीच नव्हते. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि माझ्या पिढीने त्या पडद्यावर पाहिलेले सर्वांत परिचित स्थिरचित्र कोणते असेल तर ते ‘व्यत्यय’ ही पाटी! ती पाटीसुद्धा ६२५ आडव्या रेषांत चिरून, त्यांपैकी एकोणपन्नास रेषा यंत्राच्या अंतर्गत कामासाठी राखून, उरलेल्या ५७६ रेषांत पुन्हा मांडलेली असे. म्हणजे दूरचित्रवाणीवर येणारे प्रत्येक चित्र जन्मतःच नक्कल. प्रश्न फक्त ती अस्सलबरहुकूम आहे की नाही, एवढाच.

आता थोडे आकडे मांडले पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय गुन्ह्याचे माप पदरात पडत नाही. साधारण मोबाइल जे बारा मेगापिक्सेलचे छायाचित्र घेतो, त्यात आडवे चार हजार आणि उभे तीन हजार, म्हणजे एकूण १,२०,००,००० ठिपके असतात. ज्यास फुल एचडी म्हणतात त्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके मावतात. ‘फोर के’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पडद्यावर त्याच्या चौपट, ८२,९४,४००. अस्सल हे या पडद्यांपेक्षा मोठे असते, तेव्हा काही सोडावे लागणार हे उघड आहे. पण काय सोडावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, यावर सारे अवलंबून आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी लग्नाच्या छायाचित्रांची डीव्हीडी करून देण्याची पद्धत होती, आणि ती पाहून ‘छायाचित्रकाराने काम बिघडविले’ असे कित्येक वरपित्यांनी म्हटले असेल. वस्तुतः त्या तबकडीच्या ठरीव नियमाप्रमाणे आपल्याकडच्या पद्धतीत चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे अवघ्या ४,१४,७२० ठिपक्यांत कोंबावे लागे. मूळ चित्राचा सुमारे एकोणतिसावा भाग! शालूच्या काठाची बारीक नक्षी त्यात टिकली असती तर तेच नवल. आजही अनेक घरांत त्या तबकड्या आहेत आणि अस्सल छायाचित्रे कोठल्या तरी बंद पडलेल्या संगणकात अडकलेली आहेत. ज्यांच्यापाशी ती अजून जिवंत असतील त्यांनी तबकडी बाजूस ठेवून ती आधी बाहेर काढावीत.

मुकुटाकडे वळू. बोहाड्याचे सोंग म्हणजे मनुष्याच्या उंचीवर आणखी मुखवट्याची, मुकुटाची आणि प्रभावळीची उंची. साहजिकच छायाचित्र घेणारा मोबाइल उभा धरतो. उभ्या चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण तीनास चार, आणि पडद्याचे सोळास नऊ. अशा चित्राने पडदा काठोकाठ भरावयाचा हट्ट मालिका करणाऱ्या अ‍ॅपने धरला, म्हणजे चित्राच्या उंचीपैकी सुमारे अठ्ठावन्न टक्के भाग कापून टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. वरून मुकुट जातो, खालून पाय जातात, आणि देव कमरेपासून कपाळापर्यंतचा उरतो. आडव्या चित्राचे हाल थोडे कमी, तरी त्याचीही उंची चतुर्थांशाने घटते. उलट चित्र कापू नये असे सांगितले, तर उभे चित्र ८१० गुणिले १,०८० एवढ्या जागेत मधोमध उभे राहते, पडद्याचा निम्म्याहून अधिक भाग रिकामा राहतो, आणि नेमके हेच रिकामेपण लोकांना सहन होत नाही. म्हणून काही अ‍ॅप दोन्ही बाजूंस त्याच चित्राची फुगविलेली, पुसट सावली भरतात. मला हा प्रकार, देवघरात मूर्तीच्या दोन्ही बाजूंस तिच्याच वितळलेल्या प्रतिमा मांडाव्यात, तसा वाटतो. काळ्या पट्ट्या असू द्याव्यात. बोहाडा रात्रीच होतो, काळोखाने त्याचे काही बिघडत नाही.

याशिवाय एक कात्री खुद्द संचाच्या पोटात असते. जुन्या काचनळीच्या संचांत चित्राच्या कडा वाकड्यातिकड्या येत, म्हणून चित्र थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीआड दडविण्याची चाल पडली. नळ्या गेल्या, चाल राहिली. संस्थाने खालसा झाल्यावरही दरबारी मुजरे काही काळ चालूच राहावेत, तशी. चित्र किंचित फुगविल्यामुळे कडा तर जातातच, पण एका ठिपक्याचा मजकूर एकाहून किंचित अधिक ठिपक्यांवर पसरावा लागल्यामुळे सगळेच चित्र बोथट होते. संचाच्या ‘पिक्चर साइझ’ या कोष्टकात ‘स्क्रीन फिट’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा अशाच अर्थाचा एक पर्याय असतो. तो निवडला की ही चाल मोडते.

गुळगुळीत चेहऱ्यांची चौकशी केली तेव्हा नकलनवीसांची रांगच लागली. छायाचित्रे गावाच्या व्हॉट्सॲप गटावरून आली होती. तेथे नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र लांबीला साधारण सोळाशे ठिपक्यांपर्यंत उतरविले जाते. एवढ्याने फार बिघडले नसते, कारण फुल एचडी पडद्याला तेवढे ठिपके जवळजवळ पुरतात; बिघडते ते वजन घटविताना. चार-पाच मेगाबाइटचे चित्र काही शे किलोबाइटांत बसविण्यासाठी जी जेपेग पद्धत वापरतात, तिचे प्रमाणीकरण १९९२ सालचे; आणि तिच्या गाभ्याशी असलेले गणित १९७४ साली प्रसिद्ध झाले, ते बंगळूरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह मांडलेले. चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे, प्रत्येक चौकोनातील छटांचे सावकाश बदलणारे आणि झपाट्याने बदलणारे असे घटक निराळे करावयाचे, आणि झपाट्याने बदलणाऱ्या घटकांची नोंद ढोबळ आकड्यांत करावयाची, कारण डोळ्याला त्यांचे सूक्ष्म भेद फारसे जाणवत नाहीत. कल्पना मोठी बुद्धीची आहे. पण एकदा ढोबळ केलेला आकडा पुन्हा नेमका होत नाही. आणि चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, दाढीचे खुंट, घोंगडीची लोकर, हे सगळे नेमके त्या झपाट्याच्या घटकांतच वसत असते.

त्यानंतर दुसरा नकलनवीस. अ‍ॅपने या चित्रांची चित्रफीत केली, तेव्हा ती पुन्हा आवळली, आणि या वेळी रंगांची नोंद ठिपक्यागणिक न ठेवता चार ठिपक्यांत मिळून एकच ठेवली. चित्रफितींचा तो सर्वसाधारण रिवाजच आहे. त्यातच त्या तरुणाने प्रत्येक चित्र सावकाश पुढे सरकत मोठे व्हावे आणि एकातून दुसरे उमलावे अशी योजना केली होती. या सरकत्या चित्राला केन बर्न्स या अमेरिकन माहितीपटकाराचे नाव पडले आहे आणि योग्य हाती ते फार सुंदर दिसते. परंतु चित्रफीत आवळणारे गणित ‘मागच्या चौकटीतून पुढच्या चौकटीत काय हलले’ एवढेच टिपून जागा वाचवीत असल्यामुळे, जिथे सगळेच एकदम विरघळू लागते तिथे ते गांगरते आणि बारकावे सोडून देते. तिसरा नकलनवीस खुद्द संच. उरलेसुरले कण त्याला ‘नॉइज’ वाटले, आणि ते पुसण्याची सोय त्याच्यात उपजतच चालू होती. मशालीच्या उजेडात घेतलेल्या कोणत्याही छायाचित्रात दाणेदारपणा येतोच. तो पुसता पुसता कातडीचा पोतही पुसला गेला. आणि मग आपणच केलेल्या गुळगुळीतपणाची लाज वाटून की काय, त्याने ‘शार्पनेस’ वाढवून प्रत्येक कडेभोवती एक कोरीव रेघ ओढली.

ही कोरीव रेघ ओळखण्यास या मुलखात एक अप्रतिम साधन आहे. वारली चित्राचे नीट घेतलेले छायाचित्र पडद्यावर लावावे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती पांढरी रेघ, जी गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी भिंतीवरून कागदावर आणि तेथून साऱ्या जगात नेली, ती मुळात साधी, किंचित थरथरती आणि कडांशी भुकटीसारखी असते. संचाची धार वाजवीपेक्षा जास्त असेल तर त्या पांढऱ्या रेघेच्या दोन्ही बाजूंस गेरूपेक्षा गडद अशी एक किनार दिसू लागते, जी कोणाही चित्रकाराने काढलेली नाही. किनार नाहीशी होईपर्यंत आकडा उतरवीत जावा. काही संचांत तो शून्यावर येतो, काहींत मध्यावर थांबावे लागते. मेणबत्त्यांच्या वाती खुडाव्यात तसे हे हातानेच करावयाचे काम आहे, त्याला एकच एक आकडा सांगता येत नाही.

संबळवाल्याचे गूढ मात्र मला सर्वांत रोचक वाटले. तो चित्रात होता. मोबाइलवर तर सर्वांनी त्याला नावानिशी ओळखले होते. त्या रात्री मालिका लॅपटॉपवरून एचडीएमआयच्या तारेने संचाला जोडली होती, आणि घोटाळा त्या दोघांच्या मोजमापांतला होता. संगणकाच्या हिशेबात निव्वळ काळा म्हणजे शून्य आणि निव्वळ पांढरा म्हणजे २५५. दूरचित्रवाणीने आपल्या जुन्या परंपरेप्रमाणे दोन्ही टोकांस थोडे मोकळे रान ठेवले आहे. तिच्या लेखी काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर. दोघांनीही आधी आपसांत ठरवून घेतले तर कोणतीच मोजणी वाईट नाही. पण एकाने एका शेराने मापून दिले आणि दुसऱ्याने ते दुसऱ्या शेराने मोजून घेतले, म्हणजे बाजारात होते तेच येथे होते. लॅपटॉप शून्यापासून मोजीत होता आणि संच सोळापासून. परिणामी सोळाच्या खालचे जे जे होते ते सगळे संचाने सरसकट काळे ठरविले, आणि अंधारात उभा असलेला, अंगावर मशालीची जेमतेम तांबूस कड असलेला तो गरीब संबळवाला नेमका त्या सोळांच्या आत राहात होता. दुसऱ्या टोकास मशालीच्या ज्योतीतील पिवळ्या-नारिंगी छटाही २३५ च्या वर गेल्यामुळे पांढऱ्याफटक पडल्या. उलटी चूक झाली असती, म्हणजे लॅपटॉपने सोळापासून मोजले असते आणि संचाने शून्यापासून, तर काळोख करडा दिसला असता, राखेसारखा. पुष्कळांना हे दिसते आणि ते पडद्यालाच जुना झाला म्हणतात. उपाय एका ओळीचा आहे: लॅपटॉपच्या आणि संचाच्या कोष्टकांत ‘फुल’ किंवा ‘लिमिटेड’ यांपैकी जो शब्द एकाकडे असेल तोच दुसऱ्याकडे असावा. कित्येक संचांत त्या जोडणीला ‘पीसी’ असे नाव दिले की मोजमाप, कडा कापणे आणि चित्र सुधारण्याचा सारा आगंतुक उद्योग, या सर्वांचा निकाल एकदमच लागतो. मोबाइलचा पडदा बिनतारी पद्धतीने संचावर उमटविणे सोयीचे खरे, परंतु त्यात संपूर्ण पडद्याची घाईघाईने चित्रफीत केली जाते. म्हणजे आणखी एक नकलनवीस.

रंगांविषयी फार लिहीत नाही, कारण येथे निसर्गतःच मामला सोपा आहे. मोबाइल आणि संगणक सर्वसाधारणपणे ज्या रंगव्यवस्थेत चित्र नोंदवितात ती १९९६ साली ठरली, आणि तिचे लाल, हिरवा व निळा हे तिन्ही मूळ रंग एचडी दूरचित्रवाणीच्याच मापाचे आहेत. दोन संस्थानांत एकच नाणे चालावे तसा हा योग असूनही आपण तो दवडतो, कारण संच दुकानातून येतो तोच ‘व्हिविड’ किंवा तशाच भडक अवस्थेत. दुकानाच्या झगझगीत दिव्यांखाली शेजारच्या पन्नास संचांशी स्पर्धा करण्यासाठी ती अवस्था बनविलेली असते. तिच्यात पांढरा निळसर होतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यातील नागली-वरईच्या उतारांवरचा हिरवा, जो मुळातच परक्याला खोटा वाटावा इतका गर्द असतो, तो खराखुरा खोटा दिसू लागतो. ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ ही अवस्था निवडली की पांढरा सुमारे ६,५०० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या जवळ येतो. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल. आठ दिवस थांबावे. वीज वाचविण्याची ‘इको’ सोय मात्र चित्रे पाहण्यापुरती बंद करावी, कारण खोलीतला अंधार पाहून तीही पडदा मंद करते, आणि मग विजेच्या दाबाचे नाव बद्दू होते.

पडवीत बसणाऱ्यांनी अंतराचाही विचार करावा. निरोगी डोळा साधारणपणे एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, कोन ओळखू शकतो. त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावरचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. हिशेब केला तर पावणेदोन मीटरच्या पलीकडून तो निराळा दिसत नाही. आपण बसतो दहा फुटांवर. तेव्हा त्या घरी ‘फोर के’ संच आणला असता तरी मुकुट परत आला नसता आणि संबळवालाही नाही. त्याऐवजी पडवीचे दार लोटून घेतले असते तर अधिक साधले असते. बाहेरचा उजेड पडद्यावर पडला की त्या उजेडापेक्षा अधिक काळे असे काहीही पडद्याला दाखविता येत नाही, मग तो कितीही किमतीचा असो.

दुसऱ्या बैठकीच्या आधी आम्ही दप्तर लावले. ज्यांनी ज्यांनी चित्रे घेतली होती त्यांच्याकडून ती मूळ स्वरूपात, काही तारेने उतरवून आणि काही व्हॉट्सॲपवरच पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवून, एका जागी केली. एकाच्या मोबाइलमधील चित्रे हीक पद्धतीची निघाली, जी तो संच वाचीत नव्हता. तेवढी बदलावी लागली. काही उभी चित्रे आडवी पडली, कारण चित्रात लिहून ठेवलेली दिशेची खूण संच पाहतच नव्हता. ती संगणकावर फिरवून घेतली. अस्सलांना हात न लावता प्रत्येकाची फक्त एक नक्कल केली, पडद्याच्या मापाची, न कापलेली, थोडीशीच आवळलेली. बारा मेगापिक्सेलचे चित्र लहान करण्याचे काम संचावर सोपविले की तो ते घाईने उरकतो आणि कारवीच्या कुडाच्या भिंतीवर किंवा गवती छपरावर नसलेल्या लाटा उमटवितो. संगणक तेच काम सावकाश आणि बरे करतो. मग ती चित्रे पेन ड्राइव्हवर घालून थेट संचाला लावली. वाद्यांचा आवाज गेला, विरघळणे गेले, सरकणे गेले. तरुण थोडा हिरमुसला होता.

दार लोटले. पहिल्याच चित्रात मुकुट आपल्या जागी होता आणि त्याच्यावर प्रभावळही. संबळवाला दिसताच मागून कोणीतरी त्याला हाक मारली, आणि तो स्वतः तेथेच बसलेला असल्यामुळे हशा पिकला. चाळीसएक चित्रे झाल्यावर एक असे आले की ते पाहून तरुणाने घाईने पुढचे बटण दाबले. सोंगाने गिरकी घेतली होती, मुखवटा आणि मशाल मिळून एक तांबडा फराटा तेवढा उमटला होता, आणि कोणत्याही संचावर, कोणत्याही मापाने, तो तसाच दिसला असता. ‘‘हे बिघडलंय, बाबा,’’ तो म्हणाला, ‘‘संगणकावर जरा साफ करून बघतो.’’

मुकुटाची तक्रार करणाऱ्या त्या म्हाताऱ्याने त्याला चित्र मागे घ्यायला लावले. पुढे सरकून, डोळे बारीक करून, त्याने ते पुष्कळ वेळ पाहिले.

‘‘नको,’’ तो म्हणाला. ‘‘असू दे तसंच. तवा मी नाचत होतो.’’